विम्याच्या पैशातून भाजीचं खोकं: मेडिकेड, घर, अन्न आणि तब्येत यांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी अमेरिकेत नॉर्थ कॅरोलिनाच्या पूर्व भागात, पिट काउंटीत (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा भाग), एका लहान दवाखान्यात केअर मॅनेजर आहे. डॉक्टरांनी तपासून औषध लिहून दिलं की पुढचं सगळं माझ्याकडे येतं. गोळ्या मिळाल्या का, पुढच्या तारखेला यायला गाडी आहे का, घरी बघायला कोण आहे. २०२२ ते २०२५ या काळात माझ्या कामात अशी एक गोष्ट आली जी त्याआधी कधीच नव्हती. पेशंटच्या घरी भाजी पोचवणं, ओल आलेल्या भिंतीची दुरुस्ती, गाडीभाडं हे सगळं मी सरकारी विम्यातून करून देऊ शकत होते. सोलापूरला फोनवर हे सांगितलं की घरच्यांना खरं वाटायचं नाही. इथल्या मंडळाच्या गणपतीतही दरवर्षी तेच प्रश्न येतात. म्हणून एकदाच नीट लिहून काढते आहे.

विम्यातून भाजी? म्हणजे नक्की काय?

मधुमेहाच्या पेशंटला इन्सुलिन विम्यातून मिळतं. जखम चिघळून पाय कापायची वेळ आली तर ते ऑपरेशन विम्यातून होतं, आणि पुढे व्हीलचेअरसुद्धा. पण मधली सगळी वर्षं त्या माणसाच्या घरात पांढरा ब्रेड आणि डब्यातलं सूप यापलीकडे काही नसेल, तर त्यासाठी विम्याच्या कागदावर रकानाच नसतो. हा रकाना तयार करायचा, एवढीच मूळ कल्पना. राहायला नीट घर, पोटाला नीट अन्न, दवाखान्यापर्यंत जायची सोय, घरातल्या मारहाणीपासून सुटका या गोष्टींवर तब्येत अवलंबून असते. आजार आटोक्यात यायला त्यातली एखादी गोष्ट लागणार असेल, तर तिचा खर्च गरिबांच्या सरकारी आरोग्य विम्याने उचलावा.

मेडिकेड आणि मेडिकेअर एकच का?

नाही, आणि हा गोंधळ इथे जन्मलेल्यांचाही होतो. दोन्ही कायदे राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांच्या सहीने ३० जुलै १९६५ रोजी एकदमच झाले. मेडिकेअर मुख्यतः ६५ वर्षांपुढच्यांसाठी, आणि ते वॉशिंग्टनहून चालतं. मेडिकेड कमी उत्पन्न असलेल्यांसाठी. त्याचा खर्च केंद्र आणि राज्य वाटून घेतात आणि ते चालवतं राज्य. त्यामुळे प्रत्येक राज्यात त्याचे नियम वेगळे, कधीकधी नावही वेगळं. कॅलिफोर्नियात त्याला मेडी-कॅल म्हणतात.

विम्याने घरभाडं द्यायला कायद्यात परवानगी आहे का?

सरळ नाही. हॉस्पिटल आणि नर्सिंग होम (इथे याचा अर्थ आजारी वृद्धांना ठेवून सांभाळणारी संस्था) सोडलं तर राहण्याजेवणाचा खर्च मेडिकेडने करायचा नाही, असाच नियम आहे. पण सोशल सिक्युरिटी कायद्यात १११५ नावाचं एक कलम आहे. राज्याला काही नवं करून बघायचं असेल तर ठरावीक वर्षांसाठी नेहमीच्या नियमांतून सूट मागता येते. इथे तिला 'वेव्हर' म्हणतात. भाजी, भाडं, दुरुस्ती हे बहुतेक सगळं या दारातून आत आलं आहे. दुसरं दार विमा कंपन्यांच्या करारातलं. एखाद्या महाग उपचाराच्या जागी स्वस्त आणि योग्य पर्याय देता येत असेल, तर राज्याच्या संमतीने कंपनी तो देऊ शकते.

नियम वाकतात तेव्हा त्यामागे बहुतेकदा एखाद्या माणसाची गोष्ट असते. आयोवामधली केटी बेकेट ही तीन वर्षांची मुलगी मेंदूच्या संसर्गानंतर व्हेंटिलेटरवर होती. डॉक्टर म्हणत होते की तिला घरी सांभाळता येईल. घरचा खर्च हॉस्पिटलच्या खर्चाच्या साधारण सहाव्या हिश्शाएवढा. पण मेडिकेड पैसे देणार ते ती हॉस्पिटलात असेपर्यंतच. नोव्हेंबर १९८१ मध्ये राष्ट्राध्यक्ष रेगन यांनी पत्रकार परिषदेत तिचं उदाहरण दिलं, सूट मिळाली आणि केटी घरी गेली. पुढे ती वयाच्या चौतिसाव्या वर्षापर्यंत जगली. त्याच वर्षी आलेल्या १९१५(सी) या कलमामुळे आज लाखो अपंग आणि वृद्ध लोक संस्थेऐवजी स्वतःच्या घरात राहून मदत घेतात.

आणि एक गोष्ट पहिल्यापासून आहे, पण फार जणांना ठाऊक नसते. तातडीचं नसलं तरी उपचारासाठी दवाखान्यात नेण्या-आणण्याची सोय करणं मेडिकेडवर बंधनकारक आहे. आठवड्यातून तीन वेळा डायलिसिसला जाणाऱ्या, घरात गाडी नसलेल्या माणसाचा जीव त्या व्हॅनवर असतो.

ही कल्पना अलीकडचीच ना?

सरकारी भाषेत अलीकडची. प्रत्यक्षात ती मिसिसिपी राज्यातल्या डेल्टा भागातली, साठ वर्षांपूर्वीची आहे. डॉ. जॅक गायगर यांनी तरुणपणी दक्षिण आफ्रिकेतल्या फोलेला इथलं आरोग्य केंद्र पाहिलं होतं. १९६० च्या दशकात त्यांनी माउंड बायू गावात आरोग्य केंद्र उभारलं. कुपोषित मुलं येत होती. डॉक्टर कागदावर औषधाऐवजी दूध, भाजी, मांस लिहून द्यायचे, कुटुंब ते किराणा दुकानातून घ्यायचं आणि बिल केंद्राच्या औषधांच्या बजेटमधून जायचं. यावर वरून आक्षेप आला. कुपोषणावर वैद्यकाच्या पुस्तकात दिलेला उपाय अन्न हाच आहे, असं गायगर यांचं उत्तर होतं. त्यांचे सहकारी जॉन हॅच यांनी तिथल्याच शेतमजुरांना घेऊन सहकारी शेती उभी केली, केंद्राने विहिरी खोदल्या, संडास बांधले.

नॉर्थ कॅरोलिनाने नेमकं काय केलं?

ऑक्टोबर २०१८ मध्ये केंद्राने या राज्याला वेव्हर दिलं. योजनेचं नाव हेल्दी ऑपॉर्च्युनिटीज पायलट, खर्चाची मर्यादा ६५ कोटी डॉलर. डॉ. मँडी कोहेन तेव्हा राज्याच्या आरोग्य सचिव होत्या, त्यांनी ही गोष्ट लावून धरली. मधे कोविड आला. १५ मार्च २०२२ रोजी पहिली अन्नाची खोकी घरोघर गेली. योजना सगळ्या राज्यात नव्हती. शंभरपैकी ३३ काउंट्या, तीन पट्ट्यांत: पश्चिमेच्या डोंगरातल्या अठरा, विल्मिंग्टनच्या बाजूच्या सहा आणि आमच्या पूर्वेकडच्या नऊ.

माझ्या टेबलावरून हे असं चालायचं. पेशंट मेडिकेडवर हवा, त्या ३३ पैकी एका काउंटीत राहणारा हवा, त्याला एखादा जुना आजार किंवा जोखमीचं बाळंतपण हवं, आणि घर, अन्न, प्रवास किंवा घरातली हिंसा यांपैकी एक तरी अडचण हवी. मी प्रश्न विचारायचे, त्याची संमती घ्यायचे, एनसीकेअर३६० या संगणक प्रणालीवर विनंती टाकायचे. विमा कंपनीने मंजुरी दिली की ती विनंती जवळच्या एखाद्या संस्थेकडे जायची. ही संस्था म्हणजे कधी फूड बँक, कधी चर्चचा गट, कधी शेतकऱ्यांनी मिळून चालवलेलं भाजी वाटप केंद्र. काम झालं की संस्था बिल पाठवायची आणि तिला पैसे मिळायचे. एकूण २९ सेवा होत्या आणि प्रत्येकीचा दर आधी ठरवून छापलेला.

मला या सगळ्यात सर्वांत महत्त्वाचं वाटतं ते हे दरपत्रक. एक्स-रेला दर असतो, रक्ततपासणीला असतो. पहिल्यांदाच भाजीच्या खोक्याला दर आला, भिंतीवरची बुरशी काढायला दर आला. दानधर्मातून मिळणारं अन्न कुणी दिलं तर मिळतं, संपलं तर संपलं. इथे पेशंटच्या नावावर मंजुरी होती. खोकं आलं नाही तर तो मला फोन करून 'माझं खोकं कुठे आहे' असं विचारू शकत होता, आणि लोक विचारायचेही. त्या आवाजात मिंधेपणा नसायचा.

खोक्यात असायचं काय?

आमच्या भागात रताळी. अमेरिकेत सर्वांत जास्त रताळी याच राज्यात पिकतात, आणि तीही बरीचशी आमच्या पूर्वेच्या वाळूमिश्रित जमिनीत. मी पहिलं खोकं उघडून पाहिलं तेव्हा वर कोलार्डची जुडी होती, आपल्या कोबीची भावकी, पण पानं सुटी आणि हाताच्या पंजाहून मोठी. खाली मातीसकट रताळी, अंडी, सुकी चवळी, सफरचंदं. चवळी बघून मला एकदम माहेर आठवलं. इथले जुने कृष्णवर्णीय शेतकरीही चवळी पिढ्यान्‌पिढ्या लावतात, मूळ आफ्रिकेतून आलेली. आठवड्याला असं एक खोकं घराच्या पायरीवर येऊन पडायचं.

एका आजीबाईंचं सांगते. त्यांची साखर कधीच आटोक्यात येत नव्हती. पहिल्या महिन्यात त्यांनी कोलार्ड शेजारणीला देऊन टाकली. का, तर शेगडीचा एकच बर्नर चालत होता आणि मोठं पातेलं त्यावर बसत नव्हतं. दवाखान्यात आम्ही दोन वर्षं त्यांच्या आहाराबद्दल बोलत होतो आणि शेगडीबद्दल कुणीच विचारलं नव्हतं. मीही नाही. ही चूक माझी होती. त्यानंतर मी प्रत्येकाला विचारायला लागले की घरात काय काय चालू आहे: शेगडी, फ्रीज, वीज. इन्सुलिन थंड ठेवायचं आणि घरातली वीज बिलापायी तोडलेली, हे मी एकापेक्षा जास्त घरांत पाहिलं आहे.

'घरात खायला आहे का' असं पेशंटला विचारणं अपमानाचं नाही का?

मला सुरुवातीला हेच वाटायचं. आपल्याकडे पाहुण्याला 'जेवलात का' विचारतात, 'जेवायला आहे का' असं कुणी विचारत नाही. पहिले काही महिने माझी नजर कागदावर असायची.

शिकले ती एक युक्ती. प्रश्न सगळ्यांना विचारायचा, कपडे आणि गाडी बघून नाही. आणि आधी सांगायचं: 'हे मी येणाऱ्या प्रत्येकाला विचारते. गेल्या बारा महिन्यांत कधी असं झालं का, की अन्न संपलं आणि आणायला पैसे नव्हते?' नेहमी, कधीकधी, कधीच नाही. एवढाच प्रश्न. शांतता होते. मग बरेच जण 'कधीकधी' म्हणतात, आणि त्या 'कधीकधी'मध्ये सगळं असतं.

अपमान प्रश्नाने होत नाही. विचारून पुढे काहीच न केल्याने होतो. २०२२ पूर्वी मी विचारायचे आणि उत्तर आलं की हातात एक छापील कागद द्यायचे, फूड बँकेचा पत्ता असलेला, बावीस मैलांवरचा. जिच्याकडे गाडी नाही तिला. तो कागद देताना मला लाज वाटायची आणि तिला ते दिसायचं. अजून सांगायचं तर घरातल्या मारहाणीबद्दल विचारताना नवरा किंवा मुलगा खोलीत असता कामा नये. दुभाष्या म्हणून घरातल्या माणसाला बसवू नये, ते याचसाठी.

गरिबांना फूड स्टॅम्प (किराणा घ्यायला सरकारी पैशाचं कार्ड) मिळतातच की. मग हे कशाला?

मिळतात, आणि खोकं सुरू करताना फूड स्टॅम्प आणि लहान मुलं असतील तर विक या माता-बालक पोषण योजनेचा अर्ज भरला आहे ना, हे मी आधी बघायचे. पण फूड स्टॅम्पचं कार्ड घेऊन जायला दुकान लागतं. बर्टी किंवा नॉर्थॅम्प्टनसारख्या काउंटीत जवळ दुकान म्हणजे पेट्रोल पंपावरचं, जिथे भाजीच्या नावाखाली बटाट्याचे वेफर्स असतात.

घराच्या बाबतीत विमा काय करू शकतो?

पूर्वेकडची आमची सखल जमीन पुराची आहे. १९९९ चं फ्लॉइड वादळ, २०१६ चं मॅथ्यू, २०१८ चं फ्लॉरेन्स. एजकोम काउंटीतलं प्रिन्सव्हिल, गुलामीतून सुटलेल्या लोकांनी वसवलेलं आणि १८८५ मध्ये रीतसर नगर झालेलं गाव, फ्लॉइडमध्ये बुडालं आणि मॅथ्यूमध्ये पुन्हा. पूर ओसरतो, ओल राहते. ट्रेलरच्या, म्हणजे कारखान्यात बनवून आणून ठेवलेल्या स्वस्त घराच्या फरशीखाली, भिंतीच्या आत.

माझ्याकडे सात वर्षांचा एक मुलगा यायचा, दम्याचा. आजी सांभाळायची. वर्षात चार वेळा इमर्जन्सी. पंप वापरायची पद्धत आम्ही दर वेळी नव्याने शिकवायचो, जणू आजीला कळतच नाही. शेवटी योजनेतून घराची तपासणी झाली. मुलाच्या पलंगामागची भिंत तिने फोनवर मला दाखवली. जमिनीपासून गुडघ्यापर्यंत काळी. तपासणाऱ्या माणसाने बोटाने दाबलं तर बोट आत गेलं. गालिचा काढला, भिंतीचा तेवढा भाग बदलला, बाथरूमला पंखा बसवला, गादीला खोळ घातली. त्या हिवाळ्यात तो एकदाही इमर्जन्सीत गेला नाही. एका मुलावरून सिद्धांत मांडता येत नाही, हे मला कळतं. पण पंपाची पद्धत त्या आजीला पहिल्यापासून नीट येत होती, हेही खरं.

दुरुस्तीखेरीज भाड्याची अनामत रक्कम, पहिल्या महिन्याचं भाडं, वीज जोडणी, घरमालकाशी बोलायला माणूस हेही त्या २९ सेवांत होतं. भाड्याची घरंच शिल्लक नसतील तर मात्र विमा काही करू शकत नाही. हे बोलायला हवं, कारण घरांचा तुटवडा हा या सगळ्या प्रकाराचा सर्वांत कमकुवत भाग आहे.

खर्च वाचला की वाढला?

योजना कधी सुरू राहील आणि कधी नाही हे शेवटी याच प्रश्नावर ठरतं, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठाच्या संशोधकांनी या योजनेचं स्वतंत्र मूल्यमापन केलं. योजनेत आल्यावर सुरुवातीला माणसाचा खर्च वाढला. साहजिक आहे, सेवा सुरू होतात, राहून गेलेल्या तपासण्या होतात. मग तो उताराला लागला. योजना नसती तर जो वैद्यकीय खर्च झाला असता त्यापेक्षा तो माणशी महिना ८५ डॉलर कमी निघाला, आणि इमर्जन्सीच्या फेऱ्याही कमी झाल्या. हे काम फेब्रुवारी २०२५ मध्ये जामा या वैद्यकीय नियतकालिकात आलं.

आता दुसरी बाजू. न्यू जर्सीतल्या कॅमडन शहरात सतत भरती होणाऱ्या पेशंटना घरी जाऊन मदत करण्याची योजना होती आणि तिचं सगळीकडे कौतुक होतं. मग ८०० जणांची चिठ्ठ्या टाकून विभागणी करून नीट चाचणी झाली. जानेवारी २०२० मध्ये निकाल आला. सहा महिन्यांत पुन्हा भरती होण्याचं प्रमाण मदत मिळालेल्यांत ६२.३ टक्के, न मिळालेल्यांत ६१.७. फरकच नाही. सर्वांत वाईट काळातला माणूस पुढे थोडा सावरतोच, मदत मिळो न मिळो. मधुमेहींना आठवड्याला दहा जेवणांचं सामान देणाऱ्या योजनेचीही २०२३ मध्ये अशीच गत झाली: साखर कमी झाली, पण दोन्ही गटांत जवळपास सारखीच.

माझं मत विचाराल तर हे निकाल लपवू नयेत. कॅमडनमध्ये मदतनीस होते, पण द्यायला घरं नव्हती. नुसता समजूतदार माणूस पाठवून भागत नाही, त्याच्या हातात काहीतरी लागतं. आणि दुसरं: इन्सुलिनने पैसे वाचतात का, असं आपण विचारत नाही. तब्येत सुधारते का एवढंच विचारतो. भाजीने मात्र आजार बरा करून वर पैसेही वाचवून दाखवावेत, ही अपेक्षा मला अन्यायाची वाटते.

एवढं चांगलं होतं तर बंद का पडलं?

राज्याच्या विधिमंडळाने पुढच्या वर्षासाठी पैसे मंजूर केले नाहीत. १ जुलै २०२५ पासून सेवा थांबल्या. तोवर तीस हजारांहून जास्त लोकांपर्यंत योजना पोचली होती. डोंगराकडच्या काउंट्या तर सप्टेंबर २०२४ च्या हेलीन वादळातून अजून उठत होत्या. तिथे याच खोक्यांचं जाळं आपत्तीत कामाला आलं होतं.

जूनच्या शेवटच्या आठवड्यात मी फोन करत होते. एकेकाला सांगत होते की या शुक्रवारचं खोकं शेवटचं. बहुतेकांनी मलाच धीर दिला. एका शेतकऱ्याने खोक्यांच्या भरवशावर जास्तीचे दोन एकर लावले होते, त्याला काय सांगायचं हे मला सुचलं नाही. पायलट म्हणून सुरू झालेली गोष्ट कायद्यात हक्क म्हणून उतरली नाही तर दरपत्रकाचा कागद एका अर्थसंकल्पात रद्दी होतो. हे आम्हा काम करणाऱ्यांना आधी कळायला हवं होतं आणि आमदारांकडे लोकांना घेऊन जायला हवं होतं. आम्ही खोकी मोजत बसलो.

बाकी राज्यांत काय चालू आहे?

कॅलिफोर्नियाने जानेवारी २०२२ पासून मेडी-कॅलमध्ये चौदा 'कम्युनिटी सपोर्ट्स' आणले. घर शोधायला मदत, हॉस्पिटलातून सुटलेल्या बेघर माणसाला टेकायला जागा, आजारानुसार शिजवलेलं जेवण, दम्यासाठी घराची दुरुस्ती, असं बरंच. ते एका पट्ट्यापुरतं नाही, राज्यभर आहे.

ओरेगनचं मला विशेष वाटतं. जून २०२१ मध्ये तिथे न भूतो अशी उष्णतेची लाट आली आणि घरात एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्यांचे जीव गेले. मार्च २०२४ पासून तिथलं मेडिकेड जोखमीच्या पेशंटना एसी, धुराच्या दिवसांसाठी हवा गाळणारं यंत्र, औषधं ठेवायला लहान फ्रीज देऊ लागलं. ॲरिझोना, मॅसॅच्युसेट्स आणि न्यूयॉर्क यांनीही आपापल्या परीने वेव्हर घेतले आहेत.

यापुढे काय?

वारं फिरलं आहे. मार्च २०२५ मध्ये केंद्राने या सेवांबद्दलची आधीची मार्गदर्शक पत्रकं मागे घेतली. आता नवी विनंती आली तर प्रत्येकीचा वेगळा विचार होईल. ४ जुलै २०२५ ला सही झालेल्या मोठ्या कायद्याने मेडिकेडचे निकष रुंदावल्यावर त्यात आलेल्या धडधाकट प्रौढांना महिन्याला ८० तास काम, शिक्षण किंवा सेवा दाखवण्याची अट घातली आहे. राज्यांनी ती १ जानेवारी २०२७ पर्यंत लागू करायची आहे. मला भीती कामाची वाटत नाही, माझे बहुतेक पेशंट काम करतातच, कोंबड्यांच्या कारखान्यात नाहीतर शेतात. भीती कागदांची. आर्कान्सासने २०१८ मध्ये अशी अट लावली तेव्हा न्यायालयाने ती थांबवेपर्यंत सुमारे अठरा हजार लोकांचा विमा गेला होता.

फुकट देऊन लोकांना सवय लागते ना?

लागली तर भाजी खायची लागेल. मनापासून सांगते, दर तीन महिन्यांनी आम्ही गरज तपासायचो आणि 'आता मला नको, दुसऱ्या कुणाला द्या' असं सांगणारे लोक दर खेपेला भेटायचे. हा प्रश्न मला पेशंटनी कधी विचारला नाही, चांगल्या पगारावर असलेल्या आपल्या लोकांनीच विचारला.

माझे आईवडील ग्रीन कार्डवर आले आहेत. त्यांना मेडिकेड मिळेल?

१९९६ च्या कायद्यानुसार बहुतेक ग्रीन कार्डधारकांना पहिली पाच वर्षं पूर्ण मेडिकेड मिळत नाही. त्यानंतरही तुम्ही त्यांचे प्रायोजक असाल तर तुमचं उत्पन्न त्यांच्या खात्यात धरलं जाऊ शकतं. जिवावरच्या प्रसंगी आणि बाळंतपणासाठी आपत्कालीन मेडिकेड असतं. वय ६५ पूर्ण आणि सलग पाच वर्षं इथे कायम वास्तव्य झालं असेल तर हप्ता भरून मेडिकेअर घेता येतं. फक्त भेटीच्या व्हिसावर आलेल्यांसाठी यातलं नेहमीचं काहीच नाही, त्यांचा प्रवासी विमा भारतातून निघण्याआधी नीट वाचून घ्या, विशेषतः जुन्या आजारांचं कलम. सरकारी लाभ घेतला तर पुढे इमिग्रेशनला अडचण येईल का, याचे नियम २०१९ मध्ये कडक झाले, २०२२ मध्ये सैल झाले आणि पुन्हा बदलाच्या वाटेवर आहेत. अर्जाआधी इमिग्रेशन वकिलाला विचारा, व्हॉट्सॲप ग्रुपला नको.

महाराष्ट्रात असं काही आहे का?

नावाने नाही, तुकड्यातुकड्यांत आहे. महात्मा फुले जन आरोग्य योजना २०१२ मध्ये राजीव गांधी जीवनदायी म्हणून आठ जिल्ह्यांत सुरू झाली. ती भरती आणि ऑपरेशनसाठी आहे, पण तिच्या पॅकेजमध्ये पेशंटचं जेवण आणि घरी परतायचं भाडंही धरलेलं आहे. रकमेने लहान, पण ज्यांनी सिव्हिल हॉस्पिटलच्या फाटकाशी डिस्चार्जचा कागद घेऊन एसटीच्या पैशांची जुळवाजुळव करणारं कुटुंब पाहिलं आहे, त्यांना तिचं मोल कळेल.

कामगार राज्य विमा, आपलं ईएसआय, तर १९४८ च्या कायद्यापासून आजारपणातला बुडालेला पगार भरून देतं. क्षयरोगासारख्या दीर्घ आजारात पगाराच्या ८० टक्के, दोन वर्षांपर्यंत. पगार २१,००० रुपयांपर्यंत असलेल्या नोंदणीकृत कामगारालाच ते मिळतं. सोलापुरात घरी बसून विड्या वळणाऱ्या, कंत्राटदाराच्या हाताखाली राबणाऱ्या बायकांपैकी किती जणी त्याच्या बाहेर राहतात हे वेगळं सांगायला नको.

आणि अन्नाचं म्हणाल तर भारताने अमेरिकेला शिकवावं असं काम झारखंडमध्ये झालं आहे. डॉ. अनुराग आणि डॉ. माधवी भार्गव यांच्या चमूने क्षयरोग्यांच्या घरातल्या दहा हजारांवर माणसांना घेऊन चाचणी केली. एका गटातल्या कुटुंबांना दरमहा जादा शिधा. २०२३ मध्ये निकाल आले: शिधा मिळालेल्या घरांत नव्याने क्षय होण्याचं प्रमाण ३९ टक्क्यांनी कमी, आणि फुप्फुसाचा, तपासणीत सिद्ध झालेला क्षय जवळपास निम्म्यावर. तांदूळ आणि डाळीने. निक्षय पोषण योजनेत क्षयरोग्याच्या खात्यात २०१८ पासून महिना ५०० रुपये जमा व्हायचे, नोव्हेंबर २०२४ पासून ते १,००० झाले. माझं म्हणणं एवढंच की हे क्षयापुरतं का राहावं? जन आरोग्य योजनेचा आरोग्यमित्र हॉस्पिटलच्या दारात बसलेलाच असतो. त्याच्या फॉर्ममध्ये रेशन कार्ड चालू आहे का आणि घरी परत कसे जाणार, हे दोन प्रश्न घातले आणि उत्तराप्रमाणे पुढे काही करायची सोय दिली, तर नवी योजना काढावी लागणार नाही.

माझ्या ओळखीत मेडिकेडवर असलेलं कुणी आहे. आज लगेच काय करता येईल?

विमा कार्डाच्या मागच्या नंबरवर फोन करा आणि 'मला केअर मॅनेजर हवा आहे' हे शब्द वापरा. डॉक्टरकडे जायला गाडी नसेल तर त्याच नंबरवर प्रवासाची सोय मागा. ती सगळ्या राज्यांत आहे, पण काही दिवस आधी सांगावं लागतं. घरभाडं, वीजबिल, अन्न यासाठी बहुतेक ठिकाणी २११ हा नंबर लागतो. घरात दमा असेल तर पलंग भिंतीपासून ओढा आणि मागे बघा, फोटो काढून ठेवा. आईवडिलांना इंग्रजी अवघड जात असेल तर 'मराठी इंटरप्रिटर' असं स्पष्ट सांगा. फोनवर मराठी दुभाष्या मिळतो, दवाखान्याने तो फुकट द्यायचा असतो, आणि थोडं थांबावं लागलं तरी फोन ठेवू नका.